तांत्रिक दिग्दर्शक (प्रसारण)

तांत्रिक दिग्दर्शक ही दूरचित्रवाणी व नभोवाणी प्रसारणातील एक जबाबदारीची भूमिका होय. अनेक कॅमेरे वापरून थेट प्रसारित होणाऱ्या कार्यक्रमात कोणत्या क्षणी काय दाखवावयाचे, हे दिग्दर्शक ठरवतो. ते दृश्य प्रत्यक्ष प्रसारणात आणणे व यंत्रणेवर लक्ष ठेवणे हे तांत्रिक दिग्दर्शकाचे काम असते.

संज्ञा

ही संज्ञा मुख्यत्वे अमेरिकेत रूढ आहे. तेथील एमी पुरस्कारांत तांत्रिक दिग्दर्शनाचा कॅमेराकामाबरोबर स्वतंत्रपणे विचार होतो. ब्रिटनमध्ये दृश्ये बदलणाऱ्या व्यक्तीस व्हिजन मिक्सर म्हणतात आणि यंत्रसामग्रीची जबाबदारी अभियंत्यांकडे असते. भारतात आकाशवाणी व दूरदर्शन यांमध्ये कार्यक्रम आणि अभियांत्रिकी असे दोन विभाग आहेत. त्यामुळे ही कामे एकाच पदाकडे न राहता विभागली जातात. अॅनिमेशनपट व रंगभूमी या क्षेत्रांतही हेच पदनाम आढळते, परंतु तेथील कामाचे स्वरूप वेगळे असते.

कार्यपद्धती

नियंत्रण कक्षातील स्विचर या यंत्रावर बटणांच्या दोन मुख्य ओळी असतात. एका ओळीतील दृश्य प्रसारणात असते, तर दुसऱ्या ओळीत पुढचे दृश्य तयार ठेवलेले असते. दिग्दर्शकाची सूचना मिळताच या दोहोंची अदलाबदल केली जाते. त्याच वेळी निवडलेल्या कॅमेऱ्यावरील तांबडा दिवा लागतो आणि आपण प्रसारणात आहोत, हे निवेदकास समजते. क्रिकेट सामन्यात फलंदाज बाद झाला, तर गोलंदाजाचा जल्लोष, परतणारा फलंदाज, पुनर्दर्शन आणि धावफलक ही दृश्ये काही सेकंदांत एकामागून एक यावी लागतात. म्हणून सूचना येण्यापूर्वीच पुढील दृश्य हाताशी असणे, हे या कामातील मुख्य कौशल्य मानले जाते.

तांत्रिक आधार

भारतातील दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चित्रे पाठवली जातात. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला ४० मिलिसेकंद येतात. सर्व कॅमेरे एकाच कालसंकेताशी जुळलेले नसतील, तर दृश्य बदलताना चित्र उडी घेते किंवा फाटल्यासारखे दिसते. त्यामुळे कार्यक्रमापूर्वी कालसंकेत, कॅमेऱ्यांचे रंग व प्रकाश, ध्वनी आणि कर्मचाऱ्यांमधील संभाषणाची व्यवस्था तपासून घेतली जाते.

नभोवाणीतील काम

नभोवाणीत दृश्याचा आधार नसतो. काही सेकंदांची अनपेक्षित शांतताही श्रोत्यास प्रसारण बंद पडल्यासारखी वाटते. ध्वनीची पातळी समतोल ठेवणे, बाहेरच्या ठिकाणाहून येणारा ध्वनी वेळेवर जोडणे आणि तो तुटल्यास पर्यायी कार्यक्रम तत्काळ सुरू करणे, ही येथील मुख्य कामे होत.

जबाबदारी

ध्वनिचित्रमुद्रित कार्यक्रमातील चूक संपादनात दुरुस्त करता येते. थेट प्रसारणात गेलेले दृश्य परत घेता येत नाही. दुर्घटनेच्या वार्तांकनात जखमींचे किंवा शोकाकुल कुटुंबीयांचे दृश्य चुकून प्रसारित झाले, तर हानी केवळ तांत्रिक राहत नाही. यासाठी काही कार्यक्रम हेतुतः काही सेकंद उशिराने प्रसारित करतात, तर महत्त्वाच्या कार्यक्रमांसाठी पर्यायी विद्युतपुरवठा व जोडण्या सज्ज ठेवतात. हे काम बिनचूक झाले, तर प्रेक्षकांच्या ते लक्षातही येत नाही.