जुन्या जीपगाडीचें तेल

आमच्या वडील बंधूंच्या वस्तीवर एक जीपगाडी आहे. तीर्थरूपांनीं ती १९७४ सालीं जुनी म्हणूनच विकत घेतली होती. तिचें पेट्रोलवर चालणारें चार नळकांड्यांचें इंजिन १३४ घनइंचांचें असून त्याची घडण विशेष आहे. मिश्रण आंत घेणाऱ्या झडपा माथ्यावर, तर धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा खालच्या ठोकळ्यांत बसविलेल्या असतात. अमेरिकेंतील विलीस कंपनीनें १९५३ पासून सीजे-३बी या जीपमध्यें हें इंजिन बसविलें, व पुढें महिंद्र कंपनीनें तीच गाडी आपल्याकडे पुष्कळ वर्षें काढली. अशी एखादी गाडी अद्याप कित्येक वाचकांच्या गोठ्यालगत उभी असेल. तिला तेल कोणतें घालावें याविषयीं दुकानदार एक सांगतो, मिस्त्री दुसरें, आणि शहरांतून आलेला पुतण्या तिसरेंच. आम्ही मिस्त्री नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झालों. परंतु या गाडीची निगा आमच्याकडे आहे, व तीपायीं एकदां चांगलाच भुर्दंडही बसला आहे.

डब्यावर '२०डब्ल्यू-४०' असे आंकडे असतात. त्यांतील पहिला थंडींतील पातळपणा दाखवितो व दुसरा इंजिन तापल्यावरचा दाटपणा. मूळ कंपनीनें हिमबिंदूच्या वरील हवेंत नुसतें ३० क्रमांकाचें तेल सांगितलें होतें. आपल्या देशावरील उन्हाळ्यांत, व झिजलेल्या इंजिनांत, २०डब्ल्यू-४० तेल आम्हांस योग्य वाटतें. हल्लींच्या नव्या मोटारींचें ०डब्ल्यू-२० तेल कितीही महाग असलें तरी येथें उपयोगाचें नाहीं. तें सुट्या झालेल्या बेअरिंगांत टिकत नाहीं. आंकड्यांखालीं अक्षरें असतात. 'एस' नें आरंभ होणारीं पेट्रोल इंजिनासाठीं, 'सी' नें होणारीं डिझेलसाठीं. कित्येक डब्यांवर दोन्हीं आढळतात. नव्या मोटारींच्या धुराड्यांतील शुद्धियंत्र बिघडूं नये म्हणून त्यांच्या पातळ तेलांतील जस्त-स्फुरदाचा अंश अलीकडे कमी केला आहे. जुन्या इंजिनाच्या घासत चालणाऱ्या टॅपेटांस तो अंश हितावह असल्यामुळें, दोन्हीं अक्षरें असलेलें १५डब्ल्यू-४० तेल घेणारेही जाणते लोक आहेत. त्यांस आमचा विरोध नाहीं.

येथें एक मोठा धोका सांगितला पाहिजे. पूर्वींच्या साध्या तेलांत मळ धरून ठेवण्याचा गुण नसे. काजळी व धूळ तळाच्या परातींत चिखलासारखी बसे. हल्लींचें तेल मळ सोडवून आपल्यांत तरंगत ठेवतें. तो गुण चांगलाच आहे. परंतु वीस-तीस वर्षांचा गाळ बसलेल्या इंजिनांत असें तेल एकाएकीं घातलें, तर सुटलेला गाळ पंपाच्या तोंडच्या जाळीवर जाऊन तिचा श्वास कोंडूं शकतो. या जीपमध्यें ती जाळी तेलावर तरंगती ठेविलेली आहे, तरीही सुटलेला थर तिला चुकत नाहीं. शिवाय या गाडीची तेलगाळणी सर्व तेल गाळीत नाहीं, थोडासाच प्रवाह तिच्यांतून जातो. म्हणून गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर आधीं परात उतरवून खरवडून घ्यावी, नवी गॅस्केट घालावी, व मगच तेल पालटावें. खर्च एका दिवसाच्या मजुरीचा.

तेल काढतांना गाडी सपाट जागीं ठेवून इंजिन चांगलें तापवावें, म्हणजे गाळ तेलाबरोबर उतरतो. हात मात्र सांभाळावा. नवें तेल सुमारें पावणेचार लिटर लागतें. गाळणी बदलली तर आणखी लिटरभर. हवा गाळणाऱ्या भांड्यांतील तेल तर पुष्कळजण विसरतात, आणि मुरमाच्या रस्त्यांवरील धूळ प्रथम तेथेंच येते. सुगींत तें आम्ही दर आठवड्यास पाहतों. काढलेलें काळें तेल विहिरीजवळ किंवा नाल्यांत ओतूं नये. डब्यांत भरून अधिकृत खरेदीदारास द्यावें.

आतां भुर्दंडाची हकीकत. आम्हांस खतावणीची संवय जुनी. म्हणून दर रविवारीं तेलाची काठी पाहून पातळी वहींत मांडीत असूं. एके वर्षीं पौषापासून तीन महिने तेल घालावें लागलें नाहीं. बंधू मोठे प्रसन्न झाले व म्हणाले, "अरे, गाडीनें तेल पिणें सोडलें! नवीन इंजिनासारखी झाली बघ." आम्हींही मान डोलावली. परंतु वहींत चौथ्या महिन्याचा आंकडा मांडतांना पातळी वर चढलेली दिसली. घातल्याशिवाय तेल वाढतें कसें? सरकारी हिशेबांत जमा विनाकारण वाढली तर आम्ही तीन वेळां तपासलें असतें. गाडीच्या बाबतींत मात्र 'असेल कांहीं' म्हणून वही मिटली.

चैत्रांत कांद्याच्या गोण्या घेऊन जातांना घाटावर तेलाच्या दाबाचा कांटा खालीं आला व इंजिनांतून ठोका येऊं लागला. बेअरिंगें गेलीं होतीं. मिस्त्र्यानें काठी ओढून नाकाशीं धरली व आमच्यापुढें केली. तिला पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. इंजिनाच्या बाजूस बसविलेल्या पेट्रोल-पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ठिबकत ठिबकत तेलांत उतरत होतें. गाडी तेल पूर्वींप्रमाणेंच पीत होती. तूट पेट्रोल भरून काढीत होतें व तेलाचें पाणी करीत होतें. पडद्याची किंमत क्षुल्लक, परंतु इंजिन उघडण्यांत कांद्याची अर्धी पट्टी खर्ची पडली. बंधू आम्हांस कांहीं बोलले नाहींत, तें अधिक लागलें.

तेव्हांपासून वहींत पातळीशेजारीं आणखी एक रकाना आखला आहे: 'वास'. गेल्या रविवारीं त्यांत 'नाहीं' असें लिहिलें.