उपग्रहांचा क्षीण स्वर

गलबत हाकणारा तांडेल रात्री ध्रुवताऱ्यावर भरवसा ठेवी. तो तारा झाकण्याचे सामर्थ्य केवळ मेघांत होते. आजची विमाने व जहाजे ज्या मानवनिर्मित ताऱ्यांवर विसंबतात, त्यांना झाकण्यास मात्र मुठीत मावणारे यंत्र पुरते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोहोचले, यावरून ग्राहकयंत्र आपले स्थान काढते. सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. आणि इतक्या दूरवरून येणारा हा संदेश ग्राहकयंत्राच्या स्वतःच्या खरखरीहूनही मंद असतो!

त्याला अपाय दोन प्रकारांनी होतो. त्याच लहरींवर कोणी गोंगाट केला, की खरा स्वर बुडतो. हे जॅमिंग होय. दुसरा प्रकार स्पूफिंगचा, म्हणजे तोतयेगिरीचा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने भल्याभल्यांना चकविले, तसा हा खोटा संदेश खऱ्याचे रूप घेऊन यंत्राला भलतेच स्थान सांगतो. गोंगाट निदान ओळखू येतो. तोतया ओळखू येत नाही, म्हणून तो अधिक घातक.

२०१२ मध्ये अमेरिकेत एका ट्रकचालकाने मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये, म्हणून असे गोंगाटयंत्र बाळगले. त्यामुळे न्यूअर्क विमानतळावरील उपग्रहाधारित अवतरण-यंत्रणेच्या कामात व्यत्यय आला. जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील मालमोटारींतही आता स्थानदर्शक यंत्रे असतात. तेव्हा हा मोह आपल्यापासून फार दूर नाही. आपल्याकडे परवानगीवाचून असे यंत्र वापरणे बेकायदा आहे, याची आठवण दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा करून दिली.

अपराधी शोधावयाचा कसा? याच रस्त्याने नागपुराच्या पुढे हिंगणघाट लागते. भारताची त्रिकोणमितीय मोजणी आरंभणारे विल्यम लॅम्बटन तेथेच १८२३ मध्ये निवर्तले. दोन ज्ञात स्थळांवरून कोन मोजावयाचे आणि रेषा जेथे छेदतील तेथे तिसरे स्थळ ठरवावयाचे, ही त्यांची रीत. गोंगाट कोणत्या दिशेने येतो, हे दोन-तीन ठिकाणांहून मोजले, की उगम याच रीतीने सापडतो. मात्र चालत्या वाहनातील यंत्र क्षणात निसटते. त्याकरिता पहारा अखंड हवा. लहरींवरील हा पहारा १९५२ मध्ये स्थापन झालेली बिनतारी संदेशांची देखरेख-संघटना करते. उपग्रहांच्या प्रक्षेपणांवर लक्ष ठेवणारे तिचे केंद्र मराठवाड्यात जालन्यास आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या विमानतळाजवळ काही विमानांना खोटे संदेश मिळाले, तेव्हा उगम शोधण्याचे काम याच संघटनेकडे आले. ज्या धावपट्ट्यांवर जमिनीवरील जुनी दिशादर्शक यंत्रे चालू होती, तेथील वाहतुकीला मात्र बाधा आली नाही. ती यंत्रे जुनी झाली म्हणून मोडीत काढणे परवडणारे नाही, एवढा धडा त्यातून घ्यावयास हवा.