उसाच्या फडातले माग कसे ओळखावेत?



तोडणी लागली की "आमच्या फडात वाघरू आहे" अशी खबर गट ऑफिसला येऊ लागते. कधी ती खरी असते, तर कधी माग कुत्र्याचा निघतो. खोट्या खबरीने टोळी दिवसभर बसून राहते आणि खऱ्या खबरीकडे काणाडोळा केला, तर कोपीतल्या लेकरांच्या जिवावर बेतते. म्हणून ही थोडी माहिती देत आहोत.

तोडणीच्या आदल्या संध्याकाळी पाटातली ओली माती खोऱ्याने सारखी करून ठेवावी. सकाळी कोवळ्या तिरप्या उन्हात ठसा ठळक दिसतो.

बिबट्या : ठसा गोलसर, साधारण तीन इंच रुंद. पुढे चार बोटे, नखे उमटत नाहीत, कारण चालताना तो ती आत ओढून घेतो. गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. निसरड्या चिखलात मात्र नखे उमटू शकतात, तेव्हा एकाच ठशावर निकाल देऊ नये. पाच-सहा ठसे पाहावेत.

रानमांजर : घडण तीच, पण ठसा बराच लहान.

कुत्रा, कोल्हा : ठसा लांबट, बोटांपुढे नखांचे टोचे स्पष्ट. कोल्ह्याचा ठसा लहान व अरुंद.

तरस : नखे उमटतात. पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा, ही खरी खूण.

रानडुक्कर : दोन खुरांचा ठसा, मऊ मातीत मागे बाजूला आणखी दोन टोचे. जवळच जमीन उकरलेली, ऊस आडवा पाडून चघळलेला व चोथा पडलेला असतो.

बिबट्याचा माग वाटला तर ठशावर घमेले पालथे घालावे, म्हणजे वनरक्षक येईपर्यंत तो मोडत नाही. मुकादमाला सांगून लेकरांना फडाजवळ एकटे सोडू नये. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि आमच्या शेतकी विभागालाही.

फडात पिल्ले सापडली तर हात लावू नये, घरी तर मुळीच आणू नयेत. मादी आसपासच असते. तोडणी तिथेच थांबवून सर्वांनी मागे सरावे. वनखात्याची माणसे पिल्ले त्याच जागी ठेवतात व बहुधा रात्री मादी ती उचलून नेते. पिल्ले हलवली तर चवताळलेली मादी शिवारात फिरत राहते, आणि त्याचा त्रास शेवटी आपल्यालाच होतो.

एका रात्रीच्या खोळंब्याने उसाचे फार नुकसान होत नाही. गेलेला जीव परत येत नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग