मशेरी आणि दंतधावन : रत्नागिरी जिल्ह्यातील क्षेत्रकार्याच्या निमित्ताने

दातांची निगा या विषयावरील आपल्याकडील बहुतेक लेखन ‘सकाळी व रात्री दात घासावेत’ या वाक्यापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. हा उपदेश चुकीचा नाही. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या वाडीत तो केला, तर ऐकणारी बाई तो शांतपणे मान्य करील आणि आपण दिवसातून चार वेळा दात घासतो असे प्रांजळपणे सांगेल. तिचे म्हणणे खरेही असते. ती चार वेळा मशेरी लावते.

मशेरी किंवा मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तंबाखूची पाने तव्यावर वा खापरावर काळी पडेपर्यंत भाजावयाची, हाताने चुरावयाची आणि डबीत भरून ठेवावयाची, एवढीच तिची कृती. भाजताना उठणारा उग्र वास माजघरापासून परसदारापर्यंत पोहोचतो. घरातील लहान मुलांच्या नाकाला तो ओळखीचा असतो. तर्जनीवर चिमूटभर पूड घेऊन ती दात आणि हिरड्यांवरून फिरवीत बसणे, मधूनमधून थुंकणे, आणि मग चूळ भरून कामाला लागणे, हा क्रम पहाटे प्रथम होतो. पुढे दुपारच्या जेवणानंतर व रात्री निजण्यापूर्वी त्याची पुनरावृत्ती होते. येथील क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. तंबाखू ‘खातात’, विडी ‘ओढतात’, तपकीर ‘ओढतात’. मशेरी मात्र ‘लावतात’, जसे कुंकू लावावे किंवा औषध लावावे. भाषेनेच तिला व्यसनांच्या पंक्तीतून उठवून प्रसाधन व उपचार यांच्या पंक्तीत बसविले आहे.

मशेरीविरुद्धचा आपला प्रचार दुबळा ठरतो याचे कारण या एका क्रियापदात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपण स्वच्छतेचा मुद्दा मांडतो. ती बाई स्वच्छता करीतच असते. आपण व्यसनाविषयी बोलतो. ती व्यसन करीत नसते, निदान तिच्या समजुतीप्रमाणे तरी नसते.

ही चाल फार जुनी, म्हणून पूज्य, असेही पुष्कळदा सांगण्यात येते. त्याचा थोडा विचार केला पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दंतधावनासाठी करंज, करवीर, अर्क, मालती, ककुभ व असन या वनस्पती सांगितल्या आहेत. वाग्भटाने वड, खैर आदींचा उल्लेख केला आहे. यांत तंबाखू नाही आणि असणे शक्यही नव्हते, कारण ही वनस्पती अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या मार्फत ती आपल्या किनाऱ्यावर आली. असद बेगाने सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुराहून अकबराच्या दरबारी तंबाखू नेल्याचा वृत्तांत प्रसिद्ध आहे. म्हणजे दक्षिणेत ती त्यापूर्वी थोडीच वर्षे रुजली असावी. कोकणातील खरोखरीची जुनी साधने निराळी आहेत : आंब्याचे पान दुमडून त्याने दात घासणे, करंजाची वा कडुलिंबाची काडी, शेणीची राखुंडी. दात काळे करण्यासाठी स्त्रिया पूर्वी दातवण लावीत, तसेच उत्तरेकडील स्त्रिया मिस्सी लावीत. पण मिस्सी ही मायफळ, लोखंडाचा कीस, मोरचूद इत्यादींची पूड होती, तंबाखूची नव्हे. नावांतील साम्यावरून वस्तूही एकच मानण्याची चूक अभ्यासकांनी करू नये.

(राखुंडीविषयी जाता जाता एक शब्द. ती तंबाखूसारखी विषारी नाही. तथापि जाडीभरडी राख, कोळसा किंवा विटेची पूड जोराने घासल्यास दाताचे बाह्य कवच झिजते, आणि एकदा झिजलेले कवच पुन्हा येत नाही.)

आता मशेरी तोंडात नेमके काय करते ते पाहू. तोंडाचा आतील पृष्ठभाग म्हणजे एक प्रकारची त्वचाच होय, मात्र ती बाहेरील त्वचेपेक्षा नाजूक आणि सदैव ओली. तंबाखूतील निकोटिन तिच्यातून थेट रक्तात उतरते व अल्पावधीत मेंदूपर्यंत पोहोचते. पहाटे मशेरी लावल्यावर जी तरतरी येते, ती ही. निकोटिनाने आतड्यांची हालचालही वाढते. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार म्हणूनच कल्पित नव्हे. भूक मंदावते, हाही अनुभव खरा. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या आणि मग भाताच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईला या तीन गुणांचा उपयोग किती, हे सांगावयास नको. दाढ दुखत असता मशेरी दाबून धरल्यास काही काळ बरे वाटते, असेही स्त्रिया सांगतात. परंतु कीड आपले काम चालू ठेवते, आणि बाई दंतवैद्याकडे जाते तेव्हा दाढ काढण्यावाचून गत्यंतर उरलेले नसते.

निकोटिन रक्तवाहिन्यांचा संकोचही करते. धूम्रपान करणाऱ्यांत असे आढळून आले आहे की, हिरड्या रोगट असूनही त्यांतून रक्त कमी येते, आणि त्यामुळे रोग उशिरा ध्यानात येतो. मशेरीने ‘हिरड्या घट्ट होतात’ या समजुतीकडे याच दृष्टीने पाहावे लागेल. वस्तुतः वर्षानुवर्षे घासण्याने हिरड्या मागे सरतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि थंड पाणीही सोसवेनासे होते.

याहून गंभीर भाग कर्करोगाचा. तंबाखूत नायट्रोसामाइन वर्गातील कर्करोगकारक द्रव्ये असतातच. पाने भाजल्याने त्यांत बेन्झोपायरिनसारख्या, एरवी धुरात आढळणाऱ्या, द्रव्यांची भर पडते. विडी न ओढणारी बाई विडीच्या धुरातील विषाचा काही अंश अशा रीतीने बोटाने हिरडीवर चोळीत असते. ज्या जागी पूड रोज लागते, त्या जागी पांढरा, पुसून न जाणारा चट्टा उमटू शकतो. असा प्रत्येक चट्टा कर्करोगात परिणत होत नाही. काही होतात, आणि कोणते होतील हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

या व्याप्तीचा पहिला मोठा शोध सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात, झाला. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली व १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुमारे ३९ टक्के स्त्रिया मशेरी लावीत असल्याचे दिसले. पुरुषांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. कोकणातील माणसे पोटासाठी जेथे जातात त्या मुंबईत ९९,५९८ व्यक्तींची पाहणी झाली (प्रसिद्धी १९९६). पस्तीस वर्षांवरील स्त्रियांपैकी ५७.५ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरीत होत्या, आणि तो जवळजवळ सर्वस्वी धूररहित होता. त्यातही मशेरी अग्रभागी होती. चाकरमान्याच्या मागोमाग त्याची बायको चाळीत आली, तेव्हा मशेरीची डबीही सोबत आली असे म्हणावयास हरकत नाही. मुंबईतीलच १,२१७ गर्भवतींचा मागोवा घेणारा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूररहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवेळचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. दात घासण्याच्या एका सवयीचा परिणाम गर्भापर्यंत पोहोचतो, हे अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

कायद्याने आपल्यापरीने काम केले आहे. केंद्र शासनाने १९९२ मध्ये दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण तो निर्बंध कारखानदारासाठी आहे. आपल्या चुलीवर आपला तवा ठेवणाऱ्या बाईपर्यंत तो पोहोचत नाही.

यास्तव उपदेशाचा आरंभ दुसरीकडून करावा लागेल. ‘मशेरी घाण आहे, ब्रश घ्या’ असे म्हणून भागणार नाही. तिला निकोटिनाची सवय जडली आहे आणि ती सुटताना डोके दुखेल, चिडचिड होईल, पोट काही दिवस साफ होणार नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. जी बाई हे ऐकून तयार होते, ती चौथ्या दिवशी घाबरून पुन्हा डबी उघडत नाही. दिवसातील एकेक वेळ कमी करीत जाणे अनेकींना जमते. शेवटी उरते ती पहाटेची वेळ, आणि तीच सर्वांत कठीण. बोटाने घासण्याची सवय मोडण्याचा आग्रह आरंभी धरू नये. त्याच बोटावर तंबाखूविरहित साधे मंजन दिले तरी पुष्कळ साधते. ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट दातांसाठी अधिक चांगली, यात वाद नाही. पण एका वेळी एकच गोष्ट सोडावयास सांगावी. सोबत आरशात तोंड पाहण्याची शिकवण द्यावी : पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही दिसल्यास तपासणी करून घ्यावी. चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगाचे निदान व उपचार होतात, ही जिल्ह्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

आता क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, आणि त्यांतील बहुसंख्य धूररहित तंबाखूच वापरतात. असे आकडे हाती येतात ते प्रत्येक प्रकाराचे नाव घेऊन पृथक प्रश्न विचारला जातो म्हणून. आपल्या प्रश्नावलीत ‘आपण तंबाखूचे सेवन करता काय?’ एवढाच प्रश्न असेल, तर उत्तर ‘नाही’ असे येईल आणि आपण ते नोंदवून पुढच्या घरी जाऊ. उत्तर देणारी काही लपवीत नसते. प्रश्न ‘दात कशाने घासता?’ असा असावा, तो दंतधावनाच्या प्रश्नांबरोबर, आरंभीच यावा, आणि तो विचारताना सासूबाई ओटीवर बसलेल्या नसाव्यात. सुनेला डबी बहुधा त्यांच्याचकडून मिळालेली असते. त्या जवळ असल्या, की ती सोडण्याचा विचार मनात आहे किंवा नाही, या प्रश्नाला सून उत्तर देत नाही.