उष्ण हवामानातील मोटारीच्या पत्र्याची दुरुस्ती व पुनर्रंगकाम : एक शास्त्रीय विवेचन (विदर्भातील उन्हाळ्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

अपघातात चेपलेला मोटारीचा पत्रा सरळ करून त्यास पुन्हा रंग देणे हा आपल्याकडील गावोगावचा व्यवसाय आहे. हे काम वरकरणी हस्तकौशल्याचे वाटत असले, तरी त्याची प्रत्येक पायरी रासायनिक व भौतिक नियमांनी बांधलेली आहे. विदर्भासारख्या अतिउष्ण प्रदेशात हे नियम अधिक कठोरपणे जाणवतात. प्रस्तुत लेखात पत्रा, पुट्टी, थिनर आणि हार्डनर यांवर होणाऱ्या उष्णतेच्या परिणामांचे विवेचन केले असून, हे काम करणाऱ्या कारागिराच्या आरोग्याच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : पत्रा, पुट्टी, थिनर, हार्डनर, आयसोसायनेट, उष्ण हवामान

प्रस्तावना

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसवर जाणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. ही नोंद सावलीतील हवेची असते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा याहून कितीतरी अधिक तापतो. काळ्या रंगाच्या बॉनेटचे तापमान ७० अंशांपलीकडे सहज जाते. अशा पत्र्यावर ठोकणे, घासणे, भरणे आणि रंगविणे ही कामे बहुतेक गॅरेजांत टिनाच्या छपराखाली, कधी उघड्यावरही चालतात.

या विषयाकडे प्रस्तुत लेखक एका नुकसानीमुळे वळला. काही वर्षांपूर्वी नवतपाच्या दिवसांत त्याच्या गाडीचा चेपलेला दरवाजा एका गॅरेजात दुरुस्त करून रंगविण्यात आला. काम देखणे झाले होते. जुलैच्या अखेरीस मात्र त्या दरवाज्यावर मोहरीएवढे फोड आले आणि दिवाळीपर्यंत त्यांतून तांबूस गंज डोकावू लागला. “पावसामुळे झाले,” असे उत्तर मिळाले. वर्गात परासरण शिकविणाऱ्या रसायनशास्त्राच्या अध्यापकानेही त्या वेळी ते मान्य केले. पुढे निरनिराळ्या मिस्त्रींशी बोलताना व त्यांची कामे पाहताना लक्षात आले की, फोड जुलैत दिसले असले तरी त्यांचे कारण मे महिन्यातच रंगाखाली गाडले गेले होते.

पत्रा आणि त्यावरील थर

आजच्या मोटारीचा बाह्य पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा असतो. कारखान्यात त्यावर प्रथम फॉस्फेटचा सूक्ष्म थर चढविला जातो. नंतर विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक प्रायमर, त्यावर सरफेसर, मग रंगछटा देणारा थर आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट असा क्रम असतो. या सर्वांची एकत्रित जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या-दहाव्या हिश्श्याएवढी असते. कारखान्यातील रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजून पक्का केला जातो. प्रायमरचा थर त्याहूनही अधिक तापमानात भाजतात.

दुरुस्तीच्या वेळी ही भट्टी वापरता येत नाही, कारण तयार गाडीत काच, रबर, प्लॅस्टिक व विद्युत तारा असतात. म्हणून गॅरेजात कमी तापमानाला पक्के होणारे रंग वापरावे लागतात. १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘ड्युको’ या नावाने आलेला नायट्रोसेल्युलोजचा रंग केवळ द्रावक उडून गेल्याने सुकत असे. आपल्याकडील फर्निचर रंगविणाऱ्यांच्या बोलण्यात ते नाव आजही टिकून आहे. सध्याचे दोन घटकांचे रंग मात्र हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतात. हा भेद महत्त्वाचा आहे. द्रावकाचे बाष्पीभवन आणि रासायनिक क्रिया या दोन्ही गोष्टी उष्णतेने वेगावतात, पण त्या सारख्या प्रमाणात वेगावत नाहीत. उन्हाळ्यातील बहुतेक दोषांचे मूळ येथे आहे.

ठोककाम आणि प्रसरण

चेपलेला पत्रा हातोडी आणि आतून धरलेली डॉली यांच्या साहाय्याने पूर्वस्थितीत आणला जातो. मार बसलेल्या ठिकाणी पत्रा ताणला गेलेला असल्यास तो दाबताच आत जातो व सोडताच टणकन बाहेर येतो. अशा वेळी कुशल डेंटर त्या बिंदूवर ज्योत धरून ओल्या फडक्याने तो एकदम थंड करतो. तापलेला बिंदू भोवतालच्या थंड पत्र्यामुळे बाहेर पसरू शकत नाही, म्हणून जागच्या जागी दाबला जातो आणि निवताना आकसतो. या युक्तीसाठी भोवतालचा पत्रा थंड असणे आवश्यक आहे. सबंध दरवाजाच उन्हाने तापला असेल, तर हा फरक कमी होतो आणि मिस्त्रीच्या बोटांना पत्र्याची खरी गोलाईही उमगत नाही.

पोलादाचे रेषीय प्रसरण दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन असते. १.२ मीटर लांबीचा दरवाजा पहाटेच्या २५ अंशांवरून दुपारच्या ६५ अंशांवर गेला, तर तो अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. पुट्टीचे प्रसरण पोलादाहून अधिक असते. त्यामुळे जाड पुट्टी आणि पत्रा यांची रोज ओढाताण होते आणि कालांतराने कडेला बारीक रेषा उमटते. पुट्टीचा थर साधारण ३ मिलिमीटरच्या आत ठेवावा, या संकेतामागील एक कारण हे आहे. ठोककामात वाचविलेला तास पुट्टीने भरून काढता येत नाही.

पुट्टीचे गणित

पुट्टी, जिला काही कारागीर ‘लांबी’ही म्हणतात, ही पॉलिएस्टर रेझिन, स्टायरीन आणि शंखजिऱ्याची पूड यांचे मिश्रण असते. तीत बेन्झॉइल पेरॉक्साइडचा हार्डनर वजनाच्या साधारण दोन-तीन टक्के मिसळला की ती घट्ट होऊ लागते. तापमान १० अंशांनी वाढल्यास रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा स्थूल नियम आपण विद्यार्थ्यांना सांगतो. त्यानुसार २५ अंशांना आठ मिनिटे हाताळता येणारी पुट्टी ४५ अंशांना जेमतेम दोन मिनिटे मिळते. ती पात्याखालीच गोळा होऊ लागते.

यावर हार्डनर कमी घालण्याचा उपाय सर्रास केला जातो. थोडीफार घट चालते, परंतु मर्यादेखाली गेल्यास पुट्टी आतून कच्ची राहते. उलट हिवाळ्यातील सवयीने हार्डनर जास्त पडला, तर उरलेले पेरॉक्साइड वरच्या रंगात झिरपून डाग पाडते. खरा उपाय साधा आहे. डबा सावलीत ठेवावा, एका वेळी लिंबाएवढीच पुट्टी कालवावी आणि पत्रा हाताला गार लागल्यावरच ती लावावी.

पुट्टीतील शंखजिऱ्यामुळे ती पाणी शोषते. आपल्याकडे ती वॉटर पेपरने पाणी मारून घासण्याची सवय आहे. मे महिन्यात असे घासलेले अंग दोन मिनिटांत कोरडे दिसते. पृष्ठभागावरील पाणी उडालेले असते, पण छिद्रांतील ओल तशीच राहते आणि तिच्यावर प्रायमर चढतो. त्यातच कारागिराच्या घामाचे थेंब व तळव्यांचे ठसे उघड्या पत्र्यावर पडतात. घामात मीठ असते. रंगाचा थर पूर्णतः जलरोधक नसून अर्धपार्य पटलासारखा वागतो. पावसाळ्यात बाहेरचे पाणी या मिठाच्या कणांकडे परासरणाने ओढले जाते, थराखाली दाब निर्माण होतो आणि फोड येतो. लेखकाच्या दरवाज्यावरील मोहरीएवढ्या फोडांची सर्वांत संभवनीय उपपत्ती ही आहे. पुट्टी कोरडी घासणे, हातमोजे घालणे आणि प्रायमरपूर्वी पत्रा योग्य द्रावकाने पुसणे एवढ्याने हा दोष बव्हंशी टळतो.

फवारणी आणि उष्णतेची वेळ

“ऊन म्हणजे फुकटची भट्टी” असे एका मिस्त्रीने लेखकास ऐकविले. यात अर्धे सत्य आहे. सुसज्ज बूथमध्येही रंगविलेली गाडी ६० अंशांच्या आसपास तापवून रंग पक्का करतात. मग ६० अंशांच्या उन्हातील पत्र्याने काय बिघडते, असा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर क्रमात आहे. बूथमध्ये रंग प्रथम २०-२५ अंशांच्या पत्र्यावर पडतो, पसरून सपाट होतो, काही मिनिटांत बराचसा द्रावक उडतो आणि त्यानंतर उष्णता दिली जाते. उन्हात पत्रा आधीच तापलेला असतो. रंग पडताच वरच्या बाजूस साय धरते आणि खालचा द्रावक कोंडला जातो. तो पुढे वाफ होऊन बाहेर पडताना साय फोडतो आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. अर्थात उष्णता रंगाआधी आली तर दोष आणि रंगानंतर आली तर मदत.

हवाही तापलेली असल्यास गनमधून निघालेला थेंब वाटेतच अर्धवट सुकतो. तो पत्र्यावर एकजीव न झाल्याने पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत किंवा धुळकट होतो. यासाठी उन्हाळ्यात सावकाश उडणारे थिनर व मंद हार्डनर वापरावेत. नुसते थिनरचे प्रमाण वाढविल्याने रंग ओघळतो आणि थर पातळ पडतो.

धातूच्छटेच्या रंगात आणखी एक अडचण येते. या रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. रंग सावकाश सुकला तर ते आडवे बसण्यास अवधी मिळतो. झटपट सुकला तर ते वेडेवाकडे अडकतात व शेड सहसा फिकी दिसते. एकाच डब्यातील रंग जानेवारीत गडद आणि मेमध्ये फिका का दिसतो, याचा उलगडा यातून होतो. “शेड मिळाली नाही” या तक्रारीवरून गॅरेजात होणाऱ्या अनेक भांडणांत दोष डब्याचा नसून दुपारच्या वेळेचा असतो. म्हणूनच एका वयस्कर मिस्त्रीचा नियम लेखकास मोलाचा वाटतो : “सर, गाडी आदल्या रात्रीच आणून सावलीत लावा. गन मी सकाळी आठच्या आत हाती घेतो.”

गारव्यासाठी फवारणीच्या जागी कूलर लावणे मात्र अहितकारक आहे. त्याच्या ओल्या हवेतील आर्द्रतेशी हार्डनरमधील आयसोसायनेटची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो व थरात बुडबुडे येऊ शकतात. शिवाय ताट्यांतील वाळ्याचे तंतू रंगावर बसतात.

रंगाऱ्याचा श्वास

आतापर्यंतचे दोष पत्र्याचे होते व ते खरवडून पुन्हा दुरुस्त करता येतात. कारागिराच्या फुप्फुसाचे तसे नाही. दोन घटकांच्या रंगातील हार्डनरमध्ये बहुधा हेक्झामेथिलीन डायआयसोसायनेटपासून बनविलेली संयुगे असतात. भोपाळ येथे १९८४ च्या डिसेंबरात पसरलेला मिथाइल आयसोसायनेट हा वायू याच रासायनिक कुळातील, परंतु वेगळा व अतिबाष्पशील पदार्थ होता. दोहोंची तुलना करणे योग्य नाही. तथापि, फवाऱ्याच्या धुक्यातून हार्डनरचे कण श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, हे वैद्यकशास्त्रात सुस्थापित आहे. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही झटका आणण्यास पुरेशी ठरते.

प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका गॅरेजात विशीतला रंगारी नाकावर ओला रुमाल बांधून फवारणी करीत होता. “रुमाल ओला केला की वास येत नाही, सर,” असे त्याने सांगितले. वास थिनरचा असतो. आयसोसायनेटची घातक मात्रा बहुधा वासाने कळतच नाही, आणि रुमाल तिला अडवीत नाही. या कामासाठी बाहेरील स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटा हेच खरे साधन होय. ते शक्य नसेल तेथे सक्रिय कोळशाची व कण गाळणारी जोड-गाळणी असलेला, चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखवटा, चष्मा व हातमोजे ही किमान अपेक्षा आहे. पण ४५ अंशांत रबरी मुखवटा दहा मिनिटेही सहन होत नाही आणि कारागीर तो काढून ठेवतो. त्यामुळे सकाळी लवकर फवारणी करण्याची शिफारस रंगाइतकीच रंगाऱ्याच्याही हिताची आहे.

जुना रंग घासताना उडणाऱ्या धुळीचाही विचार व्हावा. काही पिवळ्या व लाल रंगद्रव्यांत शिसे असू शकते. भारतात २०१६ च्या नियमांनी शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले. पण ते नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत. शिवाय दोन-चार माणसांची गॅरेजे कारखान्याच्या व्याख्येत बसत नाहीत, त्यामुळे तपासणीची व्यवस्थाही तेथवर क्वचितच पोहोचते.

निष्कर्ष

१. उष्ण प्रदेशात पत्रा-रंगकामाच्या यशापयशात साहित्याच्या किमतीपेक्षा पत्र्याचे तापमान व कामाची वेळ यांचा वाटा मोठा आहे.

२. ठोककाम व फवारणी सावलीत, निवलेल्या पत्र्यावर व शक्यतो सकाळी करावी. उन्हाचा उपयोग द्रावक उडून गेल्यानंतरच करावा.

३. पुट्टी थोडी-थोडी कालवावी, कोरडी घासावी आणि घामाचा स्पर्श टाळावा.

४. हार्डनरयुक्त रंगाची फवारणी योग्य मुखवट्याविना करू नये.

ही माहिती रंगाच्या डब्यांवरील पत्रकांत बरीचशी छापलेली असते. परंतु ती बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते. क्रियेचा वेग, बाष्पीभवन आणि परासरण हे आपल्या प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमाचेच विषय आहेत. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने उन्हाळ्यापूर्वी परिसरातील गॅरेजांत जाऊन मराठीत एक पानाचे सूचनापत्रक लावले, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. तेथे जाताना शिकविण्याबरोबर शिकण्याचीही तयारी असावी. सकाळी आठच्या आत गन हाती घेणाऱ्या मिस्त्रीने कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता, आणि ग्रंथ वाचलेल्या प्रस्तुत लेखकाने आपली गाडी भर दुपारी गॅरेजात लावली होती.