घशातला मुका पाहुणा

डुकरे आजारी पडली की दोष घाणीला दिला जातो. पण ‘स्ट्रेप्टोकॉकस सुइस’ हा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या डुकरांच्याच टॉन्सिलमध्ये, इतर अनेक जिवाणूंच्या शेजारी, मुकाट राहतो. मादीकडून तो जन्मताना आणि पुढे सहवासातून पिलांकडे जातो. दूध तुटले, दाटी वाढली, की अशक्त पिलांच्या रक्तात शिरतो. मेंदूच्या आवरणाला सूज येते.

माणसालाही तो सोडत नाही. २००५ साली चीनच्या सिचुआन प्रांतात दोनशेहून अधिक लोकांना लागण झाली. त्यांत आजारी किंवा मेलेली डुकरे कापणारे शेतकरीच बहुसंख्य होते. हातावरची साधी जखमही जिवाणूला पुरते. रुग्ण वाचला तरी कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. म्हणून आजारी जनावर कापू नये, जखम झाकावी आणि मांस पूर्ण शिजवावे.