चांदूरचा फलाट, बडनेऱ्याचं वर्कशॉप

चांदूर रेल्वेहून बडनेऱ्याला इंजिनिअरिंगसाठी अपडाउन करणारी पोरं फलाटावर लांबूनच ओळखू यायची. पाठीवर बॅग, खांद्याला शीट कंटेनर, हातात घडी घातलेला वर्कशॉपचा ॲप्रन. मालखेड, टिमटाळा आणि मग बडनेरा, असा तीसेक किलोमीटरचा रस्ता. पॅसेंजरला कधी एक्सप्रेससाठी, कधी मालगाडीसाठी थांबावं लागे. त्या थांबण्यात आम्ही बरंच शिकलो.

रेल्वेत कॅरेज अँड वॅगनला नोकरी करणारे एक काका आमच्याच डब्यात असत. थिअरी ऑफ मशीन्सचा पेपर जवळ आला होता आणि फलाटावर आमची डिफरन्शिअलवर चर्चा चालली होती. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारी ती यंत्रणा. काका ऐकत होते. म्हणाले, "मंग ह्या डब्याले डिफरन्शिअल कुठं आहे बे? दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर दाबून बसवेल असतात. वळणावर गाडी जाते कशी?"

कोणालाच सांगता येईना. काकांनी चहाचे दोन रिकामे कागदी कप घेतले आणि तोंडाला तोंड लावून आमच्याच सेलोटेपनं चिकटवले. दोन शीट कंटेनर बाकावर रुळांसारखे समांतर ठेवले, एका टोकाखाली पुस्तक सरकवून उतार केला आणि कप सोडले. कप डावी-उजवीकडे डुलत, स्वतःला सावरत खालपर्यंत गेले. मग त्यांनी तेच कप सोडवून बुडाला बूड जोडले. या वेळी वीतभर जायच्या आतच ते खाली पडले.

रेल्वेच्या चाकाची धाव सपाट नसते, शंकूसारखी उतरती असते. जुन्या ठरलेल्या मापानं हा उतार वीसास एक. आतल्या बाजूला व्यास मोठा, बाहेर लहान. वळणावर ॲक्सल थोडी बाहेरच्या रुळाकडे सरकते. त्यामुळे बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर चालतं, आतलं लहान व्यासावर. फेरे सारखेच, पण अंतर वेगळं. चाकाची कड, म्हणजे फ्लँज, ही शेवटची राखण. काकांनी पुढचंही सांगितलं: धाव झिजून खोलगट झाली की डबा रुळावर नागमोडी डोलायला लागतो, मग चाक लेथवर चढवून पुन्हा तो उतार काढावा लागतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी 1983 साली बीबीसीच्या मालिकेत रेल्वेच्या चाकाचं हेच गुपित सांगितलं होतं. काकांनी ते पाहिलेलं नव्हतं. त्यांना ते यार्डातल्या झिजलेल्या चाकांनी शिकवलं होतं.

1983 हे साल आमच्या भागासाठीही मोठं. त्याआधी अमरावतीत 1964 पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होतं. तिथं नंबर लागला नाही तर नागपूर, नाहीतर थेट पुणं-मुंबई. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी 1 मे रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झालं, आणि बडनेरा, शेगाव इथं कॉलेजं उभी राहिली. फीचा बोजा मोठा होता, तो अनेक घरांनी शेत गहाण टाकून उचलला. पण चांदूर, धामणगाव, पुलगावच्या पोरांना घरची भाकर खाऊन इंजिनिअर होण्याची वाट खुली झाली, ही गोष्ट मी फार मोठी मानतो.

पहिल्या वर्षी खरी परीक्षा घेते ती फिटिंग शॉप. हातात माइल्ड स्टीलचा तुकडा आणि एक कानस. बारावीत गणितात पैकीच्या पैकी मिळवलेल्या पोराचा चौकोनही काटकोनात येत नाही. आमचे इन्स्ट्रक्टर आयटीआय झालेले होते. विभागाच्या फलकावर त्यांचं नाव नव्हतं, पण वर्कशॉपमध्ये शब्द त्यांचाच चाले. ते मागून येऊन उभे राहत. "कानस फक्त पुढे जाताना कापते. मागं येताना कायले दाबून राहिला? दात बोथट होतील तिचे." जॉब तयार झाला की ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचे. पट्टी आणि लोखंडाच्या मधून प्रकाशाची रेघ दिसली की जॉब परत.

मार्किंगच्या दिवशी त्यांनी बाटलीतलं निळं पाणी काढलं. वरुडकडचा, संत्र्याच्या बागेतला एक मुलगा लगेच बोलला, "सर, हे तर मोरचूद आहे! आम्ही चुन्यात मिसळून झाडाले लावतो." बुरशी येऊ नये म्हणून संत्र्याच्या खोडाला बोर्डोची पेस्ट लागते, तेच मोरचूद. घासून साफ केलेल्या लोखंडावर ते लावलं की तांब्याचा पातळ लाल थर बसतो आणि त्यावर स्क्रायबरनं ओढलेली रेघ लख्ख दिसते. लोखंड विरघळतं आणि द्रावणातलं तांबं त्याच्या जागी बसतं. त्या मुलाचं इंग्रजी कच्चं होतं आणि वर्गात तो तोंड उघडत नसे. त्या दिवसापासून सर त्याला मार्किंगसाठी पुढे बोलवायला लागले.

लेथवरचा त्यांचा नियम एकच, पण पोलादी. चकची किल्ली हातातून सुटली की ती चकमध्ये राहता कामा नये. किल्ली तशीच राहून मशीन सुरू झालं तर ती गोळीसारखी उडते. किल्ली कोणाची राहिलेली दिसली, की सर न बोलता मेन स्विच बंद करत आणि सगळ्या शॉपचं काम थांबे. साऱ्या बॅचच्या नजरा त्या एकाकडे वळत. पुन्हा त्याच्या हातून ते होत नसे.

ड्रॉइंगच्या शीटांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. काचेखाली बल्ब लावून सीनियरची शीट उतरवायची, म्हणजे जीटी मारायची, हे महाराष्ट्रभर चालतं. आमच्याकडे लोडशेडिंगमुळे बल्ब नसे, म्हणून दिवसा खिडकीच्या काचेवर शीट चिकटवून उतरवत. उतरवणाऱ्याला पुढे मशीन ड्रॉइंगमध्ये ते भोवायचंच, कारण छेद कुठून घेतलाय हे डोक्यात नसलं की हात अडतो.

तोंडी परीक्षेचा एक प्रसंग मात्र आठवणीनं सांगतो. फ्लुइड मशिनरीची व्हायव्हा, बाहेरून आलेले परीक्षक. समोर चांदूरजवळच्या खेड्यातला मुलगा, घाबरलेला. सेंट्रिफ्यूगल पंपाच्या व्याख्येवरच गाडी अडली. परीक्षकांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "घरी शेती आहे? विहिरीवर पंप कुठे बसवला आहे?"

"विहिरीत सर, अर्ध्यावर. फळी टाकून."

"वर काठावर का नाही?"

"वरून पाणी ओढत नाही. पाणी खाली गेलं की पंप बी खाली घ्या लागते."

"का ओढत नाही?"

मुलगा थांबला, आणि त्याला दुवा लागला. पंप पाणी ओढत नाही, पंप आतला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याचा सुमारे 10.3 मीटरचा स्तंभ पेलतो. पाइपातलं घर्षण आणि पाण्याची वाफ धरली तर प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. मग प्रायमिंग का करतात, फूटवॉलमधून पाणी गळालं तर मोटर नुसती का फिरते, हे त्यानं न अडखळता सांगितलं. त्या परीक्षकांसारखा प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक मुलाला एकदा तरी भेटायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही जिनिंगमध्ये केला. कापसाचा मुलूख, हंगाम ऐन भरात आणि हिवाळी परीक्षा नुकतीच आटोपलेली. डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्या दाबून केलेले दोन रोलर असतात. कापसाचा धागा रोलरला चिकटून स्थिर पात्याखालून ओढला जातो, सरकी मात्र त्या फटीतून जाऊ शकत नाही. मधलं हलतं पातं तिला ठोकून सोडवतं. हे तत्त्व अमेरिकेतल्या फोन्स मॅकार्थीच्या 1840 च्या पेटंटपासूनचं. हलत्या पात्याला गती देतात क्रँक आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे वर्गात फळ्यावर काढलेली फोर बार मेकॅनिझम. फळ्यावर ती निमूट असते. इथं ती धडधडते आणि सगळीकडे कापसाची भुकटी उडत असते.

तिथले फिटरभाऊ आवाजावरून यंत्र ओळखायचे. पातं रोलरवर जास्त दाबलं गेलं की चामडं तापतं आणि जळका वास येतो. दाब कमी पडला की सरकीला धागा राहतो. फीलर गेज आमच्याकडे होता, पण आधी ते कान लावत, मग नट पाव फेरा फिरवत, आणि त्यानंतर आम्ही माप घेऊन वहीत लिहायचो.

कापूस टाकायला बाया असायच्या. डोक्यावरून टोपलं उतरवताना पदर उघड्या क्रँकपासून हातभर अंतरावरून जायचा. ते पाहूनच आमचा विषय ठरला: क्रँकच्या बाजूला पत्र्याचं झाकण. गणित जुळलं, ड्रॉइंग झालं, गाइड सरांची सही झाली. ड्रॉइंग घेऊन फिटरभाऊंकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "झाकण तं चांगलं आहे भाऊ. पण ग्रीस कुठून भरू? रोज खोला लागलं तं दोन दिवसात कोणी काढून फेकून देईन." ग्रीस निपलसमोर बिजागरीची खिडकी ठेवावी, बिजागरी वरच्या अंगाला म्हणजे ती आपोआप पडून बंद होईल, हे त्यांनी खडूनं जमिनीवर काढून दाखवलं.

वेल्डिंग आमच्याच वर्कशॉपमध्ये झालं. इन्स्ट्रक्टर सुटीच्या दिवशी येऊन थांबले. झाकण पॅसेंजरच्या डब्यात दाराजवळ उभं करून चांदूरला आणलं, आणि उतरवून घ्यायला कॅरेजवाल्या काकांनी हात लावला. ते बसलं, तपासलं गेलं, मार्क मिळाले. पुढच्या हंगामात फिटरभाऊंनी निरोप पाठवला की बाकीच्या जिनांनाही तसंच झाकण करायचं आहे, पण पत्रा थोडा जाड घ्या, आणि खिडकी डाव्या हाताला ठेवा.